खाडे

आधी मानेचा मणका म्हणाले.
मे महिना, सोलापूर, चव्वेचाळीस डिग्री,
आणि गळ्याभोवती फोमचा पट्टा.
घामोळं आलं. चक्कर होती तिथंच.
मग रक्त कमी. मग बीपी. मग कानातले खडे सरकलेत म्हणून
पलंगावर आडवं पाडून मान गर्रकन फिरवली;
काही झालं नाही, फक्त केसातली पिन टोचली.
सासूनं मीठमोहऱ्या ओवाळल्या. त्याही तडतडल्या रीतसर.

अशोक चौकाच्या मागं, यंत्रमागांच्या खडखडाटात
मी चादरी तपासते.
ट्यूबलाइटपुढं ताणायची,
तुटका धागा, निसटलेली वीण, तेलाचा डाग,
नखानं खूण करायची.
चूक मला चुकवत नाही.
आणि एका मंगळवारी चादरीवरचे चौकोन
आपणहून चालायला लागले,
डावीकडून उजवीकडं, मुंग्यांसारखे रांगेत,
मी चादर घट्ट धरली
तर भिंत निघाली.

डोक्याच्या फोटोला सात हजार गेले.
घरी येऊन ती काळी फिल्म सवयीनं ट्यूबपुढं धरली,
काठापासून काठापर्यंत पाहिली.
एक धागा तुटलेला नव्हता.
"नॉर्मल आहे," सगळे म्हणाले.
मुकादम जरा जास्तच हसून म्हणाला.

डॉक्टर हलकुडे बाईंनी फाइल उघडलीच नाही.
"भाग्यलक्ष्मी, चक्कर हा शब्द न वापरता सांग."

मी बसले नुसती.
चार वर्षं एकच शब्द घेऊन फिरत होते,
तोच काढून घेतला.

मग म्हटलं, गड्ड्याच्या जत्रेत
पाळण्यातून उतरल्यावर होम मैदान
पायाखाली हलत राहतं ना,
तसं. पण पाळण्यात न बसता.

डोळ्यांपुढं अंधारी? नाही.
किती वेळ? कधी चहा निवेपर्यंत,
कधी शनिवारपासून सोमवारपर्यंत.
कानात शिट्टी, ऐकू कमी?
मागावर वीस वर्षं, बाई, आमच्यात सगळ्यांनाच कमी.
हसल्या. तरी दोन्ही कान तपासून घेतले.
उजेड? त्या दिवशी ट्यूब सुईसारखी टोचते.
आवाज? चमचा पडला तरी रडू येतं.
डोकं दुखतं?
तेव्हा दुखत नाही.
मग कधी दुखायचं?

हे कुणी विचारलं नव्हतं.
दहावीला. अर्धंच, डावं.
पाळी यायच्या आदल्या दिवशी, ओकारी होईपर्यंत.
लग्नानंतर कमी झालं. मी म्हटलं, सुटले.

"किती वेळा झालं असेल आजवर?"
पिशवीतून हजेरीची वही काढली.
कामाला गेले नाही त्या दिवशी खाडा, लाल फुली,
पुढं कापलेली मजुरी.
त्यांनी पेन्सिल घेतली. माझ्या नुकसानीवरून
त्यांचं बोट हळूहळू फिरत गेलं:
हा पाळीच्या आधी. हा रात्रपाळीनंतर. हा उपासाचा.
सव्वीस फुल्या.
"फोटोत हा दिसत नाही," म्हणाल्या,
"अर्धशिशीच आहे. या वेळी डोकं सोडून तोल धरलाय."

गोळी दिली, रात्रीची. वेळेवर जेव, झोप मोडू नको, म्हणाल्या.
रात्रपाळीचं काय ते मुकादमाला सांगा, मी म्हटलं.
तर खरंच चिठ्ठी लिहून दिली.

परतताना रिक्षात अम्मा आठवली.
विड्यांचं सूप बाजूला सारून
चादरीच्या काठाची पट्टी कपाळाला आवळायची,
दार लोटून बसायची.
कधी म्हणायची तलनोप्पी,
कधी म्हणायची तल तिरुगुतुंदि.
डोकं दुखतंय. डोकं फिरतंय.
आम्हाला वाटायचं दोन आजार आहेत,
किंवा एकही नाही, विड्या वळायचा कंटाळा आहे.

पट्टा अजून खुंटीला आहे.
वहीत या महिन्यात एकच फुली.
काल लावण्या शाळेच्या सहलीहून आली, अक्कलकोटहून,
तोंड उतरलेलं, पिवळं.
"परत बसमध्ये उलटी झाली," म्हणाली,
"आणि अम्मा, ती ट्यूब बंद कर ना."

बंद केली.
अंधारात चाचपडत वही शोधली,
मागच्या कोऱ्या पानावर तिचं नाव लिहिलं,
तारीख घातली.